एक सोनाटा ऐकायला मला सोळा आठवडे लागले

१८ जानेवारीला मी आयुष्यात पहिल्यांदा पियानोच्या मैफिलीला गेले आणि १० मेला दुसऱ्यांदा. दोन्ही कार्यक्रमांत एक रचना तीच होती: मोझार्टचा ए मायनर सोनाटा, के. ३१०, म्हणजे एकट्या पियानोसाठीची तीन भागांची रचना. पहिल्या वेळी तो माझ्या कानांवरून नुसता वाहून गेला. मधल्या सोळा आठवड्यांत काय केलं, कुठे चुकले, कशाने उपयोग झाला, हे क्रमाने लिहून ठेवते आहे. असं काहीतरी जानेवारीत मला वाचायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.

१८ जानेवारीला मी वेळेआधी पोहोचले होते आणि हातातली कार्यक्रमपत्रिका दोनदा वाचली होती. तिच्यात लिहिलं होतं की हा सोनाटा १७७८ सालचा, पॅरिसमधला. त्याच उन्हाळ्यात मोझार्टच्या आईचं तिथेच निधन झालं. आणि त्याच्या अठरा पियानो सोनाटांपैकी फक्त दोनच मायनरमध्ये (कोमल गंधाराच्या, उदास मानल्या जाणाऱ्या सुरांत) आहेत, त्यातला हा एक. एवढं वाचल्यावर मी मनाशी ठरवूनच टाकलं की आता काहीतरी अतिशय दुःखी ऐकायला मिळणार. सुरुवात झाली ती मात्र ठाम, जवळजवळ रागावल्यासारखी. मग काहीतरी भरभर, हसरं आलं. मग पुन्हा राग. डोळे भरून येण्याची मी वाट पाहत होते, तेवढ्यात पहिला भाग संपला. मी टाळ्या वाजवल्या. आणखी तीन-चार जणांनी वाजवल्या असतील, बाकी सभागृह गप्प. त्यानंतर मी हात मांडीवर घट्ट धरून बसले आणि पुढचं सगळं ऐकण्याऐवजी संपायची वाट पाहिली. बाहेर पडताना कुणीतरी विचारलं, कसा वाटला? ‘छान’ म्हणाले. तो खोटेपणा मला रात्रभर टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी पियानो शिकवणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, “अगं, मायनर म्हणजे रडकं, असं ठरवूनच गेलीस ना? मग जे वाजत होतं ते तुला ऐकू कसं येणार?”

“मग काय ऐकायचं?”

“एकच गोष्ट धर. पहिल्या भागात साधारण पाऊण मिनिटाने एक भरभर धावणारी, हलकी सुरावट येते. ती पाठ कर, आणि पुढे तिचं काय होतं ते मला सांग. मी आत्ता सांगणार नाही.”

तिने सांगितलं नाही म्हणून मी तिची कायमची ऋणी आहे.

पहिले तीन आठवडे मात्र मी वायाच घालवले. रोज संध्याकाळी काम करता करता ध्वनिमुद्रण लावून ठेवायचे. कानांवर पडत राहिलं की आपोआप मुरेल, असं वाटायचं. तसं काही मुरलं नाही. त्यात एक घोटाळा झाला. मी नुसतं ‘ए मायनर सोनाटा’ असं शोधायचे आणि शूबर्टचे सोनाटे निघायचे. शूबर्टने एकट्या ए मायनरमध्येच तीन पूर्ण सोनाटे लिहिले आहेत. चार दिवस त्यातलाच एक मी मोझार्ट समजून ऐकत होते आणि धावणारी सुरावट शोधत होते. तेव्हा शोधताना ‘के. ३१०’ लिहाच. हा के म्हणजे लुडविग फॉन कोखेल, ज्याने १८६२ मध्ये मोझार्टच्या रचनांची यादी छापली. रचनेचं खरं नाव समजायचं ते या आकड्याला. काही ठिकाणी पुढे ‘३००डी’ असंही दिसेल. यादीच्या नंतरच्या आवृत्तीत दिलेला तो दुसरा क्रमांक आहे, रचना तीच.

९ फेब्रुवारीपासून नियम बदलला. रोज वीस मिनिटं, दुसरं काहीही न करता. आणि ऐकायचे ते फक्त पहिल्या भागाचे पहिले ४९ बार (बार म्हणजे लयीचं एक छोटं आवर्तन), म्हणजे दीड-दोन मिनिटांचा तुकडा. तो संपला की पुन्हा तोच.

त्या पंधरवड्यात मला पहिला स्वर ऐकू आला. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण खरोखर पहिला स्वर. माझं थोडंफार सरगमचं शिक्षण झालेलं आहे, तेवढंच माझं भांडवल. ए या स्वराला षड्ज मानलं, तर उजव्या हातातला पहिला मोठा स्वर पंचम आहे. पण तो सरळ येत नाही, तीव्र मध्यमाचा कण घेऊन येतो. अगदी निसटता कण. पट्टीवर बोट टेकतं न टेकतं तोच उचललेलं. मग तोच पंचम लंगडत्या, लष्करी वाटणाऱ्या लयीत ठासून सांगितला जातो. खाली डावा हात एकच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर, ठोकत राहतो, आणि तळातला षड्ज जागचा हलत नाही. वरचे सूर सरकले तरी तो तिथेच रुतलेला, त्यामुळे दोन्ही एकमेकांवर घासतात. जानेवारीत मला जो राग वाटला होता, तो या घासण्यातून येत होता. यात दुःख होतंच, पण ते ताठ उभं असलेलं दुःख होतं. मी शोधत होते ते वाकलेलं.

मग ती धावणारी सुरावट, २३व्या बारपासून. ती इतकी हलकी का वाटते हे कळायला मला आणखी आठवडा लागला, आणि कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. तोवर षड्ज हलला होता. सी हा स्वर ए मायनरचा कोमल गंधार. आता त्या कोमल गंधारालाच षड्ज मानून सगळं नव्याने मांडलं होतं. आपण मूर्च्छना म्हणतो तसंच. पट्ट्या जवळजवळ त्याच, पण घर बदललं की गंधार शुद्ध होतो आणि सगळं मेजर, मोकळं वाटू लागतं. एका षड्जावर तास न् तास राहायची सवय असलेल्या कानाला हे घर बदलणं पकडायला वेळ लागतो. तंबोरा मनात धरून ऐकू नका, एवढंच सांगेन. तळाचा स्वर गुणगुणत राहायचं, आणि आपलं गुणगुणणं खटकायला लागलं की समजायचं, घर बदललं.

फेब्रुवारीच्या शेवटी मैत्रिणीने नोटेशन समोर ठेवून ऐकायला सांगितलं. मला ते वाचता येत नाही. ती म्हणाली, वाचू नकोस, बोट फिरव. मोझार्टच्या समग्र रचनांची चिकित्सक आवृत्ती, नोए मोझार्ट आउसगाबे, साल्झबुर्गच्या मोझार्टेउम प्रतिष्ठानने २००६ पासून इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. तिच्यातून या सोनाटाची पानं उतरवून घेता येतात, एक पैसाही लागत नाही. मी पेन्सिलीने पाच ठिकाणी खुणा केल्या: बार १, २३, ५०, ८०, १०४. पहिल्या ४९ बारमध्ये दोन्ही सुरावटींची ओळख. ५०पासून त्यांची ओढाताण. ८०पासून सगळं पुन्हा, पण आता सगळ्यांना घरच्या षड्जावर यावं लागतं. मधल्या ओढाताणीत एके ठिकाणी लयीचा तोच हट्ट अतिशय मोठ्याने येतो, मग अचानक अतिशय हळू, मग पुन्हा मोठ्याने. त्या खुणा मोझार्टने स्वतः लिहिलेल्या आहेत. नोटेशन न वाचताही ते फुगीर दोन एफ (अतिशय मोठ्याने) आणि दोन पी (अतिशय हळू) डोळ्यांना सापडतात.

इथे मी आठ दिवस अडले होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझं बोट प्रत्येक वेळी चुकायचं. ४९व्या बारपर्यंत सगळं जुळायचं, मग वाजणारं आणि छापलेलं यांची फारकत. मला वाटलं, मला हे जमणार नाही. खरं कारण साधं होतं. ४९व्या बारच्या शेवटी दुहेरी रेघ आणि दोन ठिपके आहेत, म्हणजे इथपर्यंतचं पुन्हा वाजवायचं. अगदी शेवटीही तसेच ठिपके आहेत, म्हणजे उत्तरार्धही दोनदा. काही वादक दोन्ही पुनरावृत्ती घेतात, पुष्कळजण फक्त पहिली, काही एकही नाही. त्यामुळे पहिला भाग कुणाचा चार मिनिटांचा, तर कुणाचा आठ मिनिटांच्या घरात. ध्वनिमुद्रण निवडलं की आधी वेळ बघा, ठिपके घेतलेत की नाही ते त्यावरून कळतं.

८ मार्चला, रविवारी सकाळी, माझं बोट पहिल्यांदा १०४व्या बारवर बरोबर वेळेला पोहोचलं. आणि मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर आलं. तीच धावणारी सुरावट, तीच चाल, तेच वळण; पण आता ती ए मायनरमध्ये. कोमल गंधार घेऊन. मोझार्टला तिथे शुद्ध गंधार घेता आला असता. तशी सोय त्याच्या हातात होती, आणि मेजरमध्ये ओळख झालेली सुरावट घरी परततानाही मेजरच ठेवणारे सोनाटे आहेत. त्याने ती घेतली नाही. हसत ओळख झालेलं माणूस पुन्हा दारात उभं, कपडे तेच, पण चेहरा उतरलेला, तसं झालं. पाठ असल्याशिवाय हे ऐकूच येत नाही. जानेवारीत हे माझ्यासमोरून गेलं होतं आणि मला पत्ताही लागला नव्हता. मी फोन केला आणि नुसतं म्हणाले, “ती परत येते तेव्हा कोमल होते.” ती म्हणाली, “झालं. आता तू ऐकतेस.”

मार्चच्या उरलेल्या दिवसांत मी त्या उन्हाळ्याबद्दल वाचलं. कार्यक्रमपत्रिकेतली ती ओळ माझ्या मनातून जात नव्हती. मोझार्ट तेव्हा बावीस वर्षांचा होता. आई त्याच्यासोबत साल्झबुर्गहून निघाली होती आणि १७७८च्या मार्चमध्ये दोघं पॅरिसला पोहोचले. ३ जुलैच्या रात्री ती गेली. त्याच रात्री त्याने वडिलांना पत्र लिहिलं, त्यात आई फार आजारी आहे एवढंच लिहिलं. ती गेल्याचं खरं वर्तमान त्याने साल्झबुर्गमधल्या एका धर्मगुरू स्नेह्याला कळवलं, वडिलांना हळूहळू तयार करा म्हणून. वडिलांना स्वतः लिहिलं ते ९ जुलैला.

मला हलवून सोडलं ते ३ जुलैच्या पत्रातल्या पुढच्या मजकुराने. त्यात तो नुकत्याच वाजलेल्या त्याच्या पॅरिस सिंफनी या वाद्यवृंदाच्या रचनेबद्दल लिहितो, आणि लिहितो ते मुख्यतः श्रोत्यांबद्दल. पहिल्या भागाच्या मधोमध एक जागा होती, ती लोकांना आवडणार हे त्याला ठाऊक होतं. ती आली आणि तिथेच टाळ्या पडल्या. शेवटच्या भागाबद्दल तो सांगतो की इथे सगळे हा भाग सर्व वाद्यांनी एकदम सुरू करतात, म्हणून त्याने फक्त दोन व्हायोलिन ठेवली, आठ बार, अगदी हळू. लोक एकमेकांना ‘शू’ करू लागले. मग सगळी वाद्यं एकदम मोठ्याने आली आणि ती ऐकताक्षणीच टाळ्या सुरू झाल्या. आई शेजारच्या खोलीत असेल की कुठे, पण त्या रात्री हा मुलगा श्रोते केव्हा श्वास रोखतात आणि केव्हा सोडतात हे वडिलांना सांगत बसला होता.

म्हणजे ज्या जागी मी जानेवारीत शरमले होते, तिथे त्या काळात टाळ्या वाजत होत्या, आणि भाग संपायच्याही आधी. आज पूर्ण सोनाटा संपेपर्यंत थांबायची रीत आहे आणि मला ती आवडते, कारण दुसरा भाग त्या शांततेतूनच उगवतो. पण चुकून टाळी वाजलीच तर हात मांडीत लपवू नका.

या सोनाटाच्या हस्तलिखितावर पॅरिस आणि १७७८ एवढंच आहे, महिना नाही. आईसाठीचा विलाप म्हणून तो ऐकणं मी तेव्हापासून सोडून दिलं. चरित्राने सांगितलेली भावना आधीच मनात भरली असली की सूर आत यायला जागाच राहत नाही. हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

एप्रिलमध्ये उरलेले दोन भाग. दुसरा भाग एफ मेजरमध्ये, म्हणजे घरच्या षड्जापासून कोमल धैवतावर मांडलेलं नवं घर. संथ, गात जाणारा. त्याच्या मध्यावर एकदम अंधारून येतं, डाव्या हातात तीन-तीनचे सूर धडधडू लागतात आणि काही क्षण पहिल्या भागातलं ते घासणं परत येतं. तिसरा भाग प्रेस्टो, म्हणजे अतिजलद, तीनेक मिनिटांचा, दम न घेता पळणारा. त्यात एकच विसावा आहे: ए मेजरमधला एक तुकडा, खाली तंबोऱ्यासारखा धरून ठेवलेला सूर, वर साधी लोकगीतासारखी चाल. घरच्याच षड्जावर शुद्ध गंधार इतका वेळ नांदतो तो पूर्ण सोनाटात इथेच. थोड्या वेळाने तो जातो, आणि पुन्हा येत नाही.

त्याच महिन्यात वेगवेगळे वादक ऐकले. रुमेनियन पियानोवादक दिनू लिपाट्टीची फ्रान्समधल्या बेझाँसोंची मैफल, १६ सप्टेंबर १९५०. तेहतीस वर्षांचा, आजाराने खंगलेला. ही त्याची शेवटची मैफल ठरली आणि २ डिसेंबरला तो गेला. त्यात हाच सोनाटा आहे. हे माहीत असल्याने रडू येईल म्हणून मी मुद्दाम दोन दिवस थांबून ऐकलं. आणि मला ऐकू आली ती त्याची स्वच्छता. त्याच्या डाव्या हातातले कॉर्ड कुठेही ओरडत नाहीत. मग फोर्टेपियानोवरचं एक ध्वनिमुद्रण ऐकलं, म्हणजे मोझार्टच्या काळचं, पाच सप्तकांचं, हलक्या बांधणीचं वाद्य. त्यावर मोठा आवाज खरंच वाद्याच्या मर्यादेला जाऊन भिडतो आणि सुरुवातीचे कॉर्ड जवळजवळ खडखडतात. एकदा तरी तसं ऐकाच. आजच्या पियानोवर वादक काय काय सांभाळून घेतो ते त्यानंतर कळतं.

तिकिटाची कथा वेगळीच. १० मेच्या कार्यक्रमाची नोंदणी १ एप्रिलला सकाळी दहाला सुरू होणार होती. मी साडेअकराला बसले, तोवर संपलेली. प्रतीक्षायादीत नाव घातलं. चार आठवडे काही नाही. २९ एप्रिलला निरोप आला: एक जागा सुटली आहे, ४८ तासांत पक्की करा, नाहीतर पुढच्या व्यक्तीला जाईल. तो निरोप नको असलेल्या मेलच्या खणात पडला होता, सहज चाळताना दिसला. प्रतीक्षायादीत असाल तर तो खण रोज बघा. सुटलेली जागा डाव्या टोकाची होती, म्हणून स्वस्तही. पियानोसाठी डावी बाजूच उत्तम, कारण वादकाचे हात तिथूनच दिसतात. तिकिटावर बारीक अक्षरात होतं की उशिरा येणाऱ्यांना रचना संपल्यावरच आत सोडतील. हा सोनाटा पहिलाच होता, तेव्हा मी पाऊण तास आधी जाऊन बसले. त्या दिवशी सकाळपासून मुद्दाम काहीही ऐकलं नव्हतं.

दिवे मंदावले. वादक आले, बसले, बाक किंचित मागे घेतलं. हात पट्ट्यांवर ठेवून थांबले. मला त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट दिसत होतं. तो कण, तो पंचम, आणि खाली रुतलेला षड्ज. माझ्या छातीत धडधडत होतं, कारण पुढे काय येणार ते मला माहीत होतं. हसरी सुरावट आली. पहिल्या ठिपक्यांपाशी त्यांनी पुनरावृत्ती घेतली, ती पुन्हा हसत आली. मग ओढाताण, मोठ्याने, हळू, मोठ्याने. मग परतीची वाट. १०४वा बार जवळ आला तेव्हा मी श्वास धरला आणि ती कोमल होऊन आली, वेगात, जरा कठोर, जणू तिला थांबायला वेळच नव्हता. डोळे भरले. जानेवारीत ज्याची वाट पाहिली होती ते आता न बोलावता आलं.

भाग संपला असं मी धरलं. पण त्यांनी हात उचलले नाहीत. ते सरळ ५०व्या बारवर परत गेले. उत्तरार्धही दोनदा! कोणत्याच ध्वनिमुद्रणात मी ते ऐकलं नव्हतं. म्हणजे ती पुन्हा येणार होती, आणि या वेळी सगळ्या सभागृहाला ठाऊक होतं की कशी येणार. शेजारच्या वयस्क गृहस्थांनी खुर्चीत पुढे झुकून हनुवटी हातावर टेकवली. ती आली. आणि त्यांनी ती अगदी हळू वाजवली. तेच स्वर, तोच वेग, पण आवाज इतका उतरवलेला की मागच्या रांगेतल्या कुणाचा तरी कागद वाजला तो ऐकू आला.

दुसऱ्या भागाआधीच्या शांततेत कुणीही खोकलं नाही. तिसऱ्यातला शुद्ध गंधार आला आणि गेला. शेवटचे दोन कॉर्ड पडले. थोडा वेळ काहीच नाही, मग टाळ्या. त्यात माझ्याही होत्या, उशिराच सुरू झालेल्या.

मध्यंतरात ते शेजारचे गृहस्थ म्हणाले, “दुसऱ्यांदा काय केलं त्यांनी, ऐकलंत?”

“हो,” मी म्हणाले. “हळू वाजवली.”